राऊतवहिनी काही न बोलता निघाल्या

सासूबाईंनी ऐन वेळी "मी नाई येत" म्हटलं, तेव्हा अर्धं घर खोक्यांत गेलं होतं आणि मी त्यांचीच लोणच्याची बरणी कागदात गुंडाळत होते.

"काय म्हणालात?"

"आयकलं नं तू. मी नाई येत अरुणाचलात. अन् तुमी बी नका जाऊ."

बाप्पा! मला वाटलं, यांना ऊन लागलं. कारण अरुणाचलात जायची सगळ्यात जास्त घाई कुणाला होती, तर आईंनाच. गेल्या वैशाखात गच्चीवर कुरडया वाळत घालताना त्या कोसळल्या. डॉक्टर म्हणाले, उन्हानं किडन्यांवर ताण आलाय, जपा. पण अकोल्यात जपायचं कसं? इथं आता माघापासूनच दुपारबंदी असते. भोंगा वाजला की दारं लावायची, ओले पडदे सोडायचे आणि सूर्य बुडेपर्यंत जिवंत राहायचं. म्हणून मंगेशची बदली आली तेव्हा आई स्वतः पेढे घेऊन आल्या. मंगेश म्हणजे माझा नवरा. मोठमोठ्या संगणकघरांची यंत्रं थंड ठेवणं हे त्याचं काम. कंपनीनं आता ही संगणकघरं हिमालयात हलवायला घेतली, तिथं थंडी फुकट मिळते म्हणून. दहा हजार फुटांवर नवं गाव वसवलं, घर दिलं, शाळा दिली. आमच्या ओवीनं तर वर्गात बर्फाचं चित्र काढून वाटलंसुद्धा.

"आई, ट्रक ठरलाय. ओवीचा दाखला काढलाय. आता तुम्हाला काय झालं?"

"काई नाई झालं. मन नाई मानत."

"महिनाभर तर उड्या मारत होतात!"

"मारल्या असतील," असं म्हणून त्या खोलीत गेल्या आणि दार लावून घेतलं. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी दाराबाहेरून नको ते बोलले. "तुमच्या हट्टापायी पोरीला या भट्टीत ठेवायचं का?" असंही बोलले. आतून उत्तर आलं नाही. आणि वनिता गावंडे नावाची बाई उत्तर देत नाही, हे मी लग्न होऊन आल्यापासून पहिल्यांदाच अनुभवत होते.

मग माझ्या डोक्यात आलं की हा सगळा त्या कानोशाचा प्रताप असणार.

कानोसा म्हणजे काय ते सांगते. दूरच्या राज्यात बदली झालेल्यांना कंपनी हे यंत्र आधी वापरायला देते. साबणाच्या वडीएवढी डबी भिंतीवर लावायची. ती काही महिने घरातलं बोलणं ऐकते. कोण कधी चिडतं, कोण कुणाची समजूत काढतं, कोण काय बोलता बोलता गिळून टाकतं, सगळं. हातातल्या पट्ट्यांवरून ती आपली नाडी, झोप, रक्तातला प्राणवायू टिपते. यावरून घरातल्या प्रत्येकाची एक बोलती प्रतिमा तयार होते. मग या प्रतिमांना यंत्रातल्याच नव्या गावात नेऊन ठेवायचं. तिथली हवा, उंची, शाळा, शेजारी, अगदी आधी जाऊन राहिलेल्या कुटुंबांच्या प्रतिमासुद्धा तिथं असतात. असं एक वर्ष यंत्र हजारो वेळा जगून बघतं आणि त्यातलं जे सर्वांत संभवनीय, ते आपल्याला ऐकवतं. चित्र नसतं, कानात घालायच्या गुंडीतून नुसता आवाज. पुढच्या वर्षाच्या आपल्याच घराला कान लावून बसायचं.

त्याचे दोन नियम आहेत. एक, स्वतःचा आवाज स्वतःला ऐकू येत नाही. सुरुवातीला येत असे, पण लोक त्यातली वाक्यं पाठ करून पुढं खरोखर तशीच बोलायला लागले, म्हणून सरकारनं बंदी घातली. त्यामुळं माझ्या खात्यावर ऐकलं की माझ्या जागी शांतता, मंगेशच्या खात्यावर ऐकलं की त्याच्या जागी. आणि दुसरा नियम, आजार आणि मृत्यू ऐकवायचे नाहीत. त्याबद्दलचं वाक्यन्‌वाक्य, रडणंसुद्धा, यंत्र कापून टाकतं. कुटुंबाला धक्का बसू नये म्हणून.

जाण्याचंही वर्ष ऐकता येतं आणि न जाता इथंच राहण्याचंही. राहण्याचं कोण ऐकणार? रोज तेच तर जगतोय. मंगेशनं जाण्याचा पहिला महिना ऐकला, "एक नंबर आहे यार" म्हणाला आणि कानातलं काढून झोपला. मी इकडचं तिकडचं ऐकलं. ओवी नवीन मैत्रिणींबरोबर हसत होती. आई तिथल्या दूधवाल्याशी वऱ्हाडीत भांडत होत्या आणि तो त्याच्या भाषेत भांडत होता. हसून हसून माझी पुरेवाट झाली. ओवी लहान, तिला परवानगी नाही. आई मात्र दुपारबंदीत पडल्या पडल्या सगळं वर्ष ऐकत होत्या.

तेव्हा त्यांनी असं ऐकलं तरी काय? दुसऱ्या दिवशी भोंगा झाल्यावर मी कानातलं चढवलं आणि माझ्या खात्यावर जाण्याचं वर्ष शेवटापर्यंत ऐकायला बसले. म्हटलं, चूक सापडू दे, मग बघते यांच्याकडे.

आठव्या महिन्यापर्यंत काहीच नाही. मग एक तुकडा लागला. दार वाजलं. राऊतवहिनी आल्या. या यवतमाळच्या. त्यांचा नवरा मंगेशच्याच कंपनीत आहे, ते आमच्या आधी तिकडं गेले. फोनवर बोलून बोलून माझी त्यांच्याशी चांगली गट्टी जमली होती. बाई अशी बोलघेवडी की फोन ठेवायच्या आधी चारदा "ठेवते" म्हणते आणि पाचव्यांदा नवीन विषय काढते.

तुकड्यात त्या आल्या आणि गप्प बसल्या. आई म्हणाल्या, "बस." खुर्ची सरकली. मध्ये मध्ये आवाज तुटत होता, यंत्रानं काहीतरी कापलं होतं. ओवी म्हणाली, "आजी, माझी वेणी घालून दे." मंगेश म्हणाला, "पाणी घ्या वहिनी." बराच वेळ नुसती शांतता. मग खुर्ची पुन्हा सरकली, चपला पायांत गेल्या, दाराची कडी वाजली.

पुढचा तुकडा सुरू झाला आणि मी तो थांबवला. काहीतरी खटकलं होतं. मागं जाऊन पुन्हा ऐकलं. खुर्ची, चपला, कडी. पुन्हा ऐकलं.

राऊतवहिनी "येते" म्हणाल्या नव्हत्या.

आपल्याकडं निघताना कुणी "जाते" म्हणत नाही, "येते" म्हणतात. तान्हं पोरसुद्धा हे आधी शिकतं. न म्हणता निघायचं ते एकाच घरून. जिथं आपण बसायला गेलेलो असतो. कुणी गेलेलं असलं की त्या घरी जायचं, गप्प बसायचं आणि उठून निघायचं. तिथं "येते" म्हटलं तर अशाच कारणासाठी पुन्हा येते असा अर्थ होतो. यंत्रानं रडणं कापलं, मेल्याचं नाव कापलं. पण जे कुणी बोललंच नाही, ते कापणार कसं?

कोण गेलं? मला वाटलं आईच. पण आई तर तुकड्यात "बस" म्हणाल्या. मंगेशनं पाणी विचारलं. ओवी वेणीसाठी आजीच्या मागं लागली होती.

ओवी वेणी माझ्याशिवाय कुणाच्या हातची घालून घेत नाही. आजी केस ओढते म्हणून बोंब मारते. मी कुठं होते? माझा आवाज नाही हे तर नियमानंच ठरलेलं. म्हणून तो नाही याकडं माझं लक्षच गेलं नव्हतं. आईंच्या खात्यावर मात्र माझा आवाज यायला हवा होता. तिथं तो आठव्या महिन्यापासून बंद झाला असणार, आणि त्यांनी तो शोध शोध शोधला असणार.

मी उठायला गेले आणि तिथंच फरशीवर बसले. बाहेर ऊन नुसतं रणरणत होतं आणि मला थंडी वाजत होती. माझ्या घरात, माझ्यासाठी, लोक बसायला आले होते.

मंगेशला सांगितलं तेव्हा त्याच्या तोंडाचा रंग उडाला. "मी पुढचं ऐकलंच नाही," एवढंच तो पुन्हा पुन्हा म्हणत राहिला. कंपनीच्या मदत-क्रमांकावर फोन लावला तर एक मुलगी गोड आवाजात म्हणाली, "मॅडम, हे भविष्य नाही, फक्त सर्वाधिक शक्यता आहे." मी म्हटलं, "बाई, तुला सर्वाधिक कळतं का गं?" आणि फोन आपटला.

सगळ्या तपासण्या करून घ्यायचं ठरलं. हृदयाच्या डॉक्टर सबिहा काझींनी माझ्या छातीवर सोनोग्राफीचं यंत्र फिरवलं, पडद्याकडं पाहिलं, परत फिरवलं. मग माझ्याकडं वळून म्हणाल्या, "जिने चढताना दम लागतो?"

"वजन वाढलंय म्हणून लागतो."

"वजनाचा दोष नाही हा. तुमच्या हृदयाच्या वरच्या दोन कप्प्यांच्या मधल्या पडद्याला भोक आहे. जन्मापासूनचं."

मी बघतच राहिले. इतकी वर्षं मी ते घेऊन भांडले, नाचले, एक पोर जन्माला घातलं!

त्यांनी मला कागदावर हृदय काढून समजावलं. सपाटीवर शरीर असं भोक कितीतरी वर्षं निभावून नेतं. उंचावर मात्र हवा विरळ. प्राणवायू कमी पडला की फुप्फुसांतल्या रक्तवाहिन्या आकसतात, तिथला दाब चढतो. माझ्या फुप्फुसांत तो आधीच थोडा चढलेला आहे. दहा हजार फुटांवर तो इतका चढेल की त्या भोकातून रक्त उलट्या वाटेनं वाहायला लागेल, शुद्ध रक्तात अशुद्ध मिसळेल. "कानोशाला भोक माहीत असण्याचं कारण नाही," त्या म्हणाल्या, "पण तुमच्या हातातल्या पट्टीनं झोपेतला प्राणवायू टिपलाय. त्यावरून त्यानं पुढचं ओळखलं. तुम्ही गेला असतात तर..." आणि त्यांनी कागद उलटा करून ठेवला.

भोक बुजवता येतं. नागपूरला शस्त्रक्रिया. नंतर वर्षभर तरी उंचावर पाऊल टाकायचं नाही, दाब उतरला तर मग बघू.

घरी आले तेव्हा आई ओसरीतच उभ्या होत्या. मी सांगितलं, "नाही जात आपण." त्यांनी माझा चेहरा दोन्ही हातांत धरला आणि सोडला. मला कळलं, यांनी तोंडातून ते अभद्र काढायचं नाही म्हणून माझ्या शिव्या खाल्ल्या. दाराबाहेरून काय काय बोलले होते मी! मी त्यांच्या पाया पडले तर म्हणतात, "ऊठ वं, भाजी करपते."

त्या दिवशी त्यांनी पाटोडीची भाजी केली. ट्रक परत पाठवला. मंगेशनं कंपनीला नकार कळवायला घेतला. आई गुणगुणत खोकी उघडत होत्या. इतक्या आनंदात की मीही निर्धास्त झाले.

म्हणूनच तर मी राहण्याचं वर्ष ऐकायला घेतलं. नुसतं सहज. पुढच्या दिवाळीला आपण इथंच आहोत हे ऐकून जिवाला बरं वाटेल म्हणून.

पहिले महिने तेच रोजचं. मंगेशची कुरकूर, ओवीचे पाढे, आईंची आरडाओरड, "दूध उतू चाललं नं!" मग वैशाख उजाडला. एक तुकडा लागला. आमच्या शेजारच्या पुंडकरकाकू आल्या होत्या. "भल्लीच गर्मी हाये बाप्पा यंदा," एवढं बोलल्या. मंगेश "हो काकू" म्हणाला. आवाज तुटला, जुळला, तुटला. मग चपला. मग फाटकाची कडी.

पुंडकरकाकू! ही बाई "येतो मंग" म्हटल्यावर फाटकात उभी राहून अर्धा तास बोलते. ती कडी लावून मुकाट निघून गेली होती.

मी वेड्यासारखी पुढं पुढं सरकवत गेले. मंगेश होता. ओवी होती. पुढं पाऊस आला, राखी आली, दिवाळी आली. दूध कितीदा तरी उतू गेलं असेल, कुणी ओरडलं नाही.

मी कानातलं तसंच हातात घेऊन स्वयंपाकघरात गेले. आई भाकरी थापत होत्या.

"तुम्ही राहण्याचंही ऐकलं होतं."

त्यांचा हात क्षणभर थांबला. "आयकलं."

"कधी?"

"पयलं ते झाल्यावर. म्हटलं, इकडे रायलो तर मयूरीचा आवाज येते का नाई ते पाहू. आला नं! चांगली शेवटपर्यंत बोलत होती तू. भांडत होती मंग्याशी."

"आणि पुंडकरकाकू?"

"ते बी समजलं." त्यांनी भाकरी तव्यावर टाकली, वरून पाणी फिरवलं. "तिकडे तू नाई. इकडे मी नाई. याच्यात इचार कराचं काय हाये वं? पोरीले माय लागते."

ही बाई त्या दिवसापासून घरात गुणगुणत होती. पाटोडी करत होती. स्वतःच्या मरणाचं वर्ष ऐकून, कानातलं पुसून, परत जागेवर ठेवून.

"तुम्ही मला न विचारता माझ्या वाट्याचं मरायला निघालात?" मी किंचाळले. "कुणी सांगितलं होतं तुम्हाला?"

"हळू बोल. ओवी आयकते."

"ऐकू दे! तिची आजी किती बह्याड आहे ते कळू दे तिला!" आणि मग मी त्यांच्या पिठाच्या हातांना धरून इतकी रडले की तव्यावरची भाकरी खरंच करपली.

ठरवायला मला वेळ लागला नाही. जायचं त्यांनी, राहायचं मी. मंगेश, ओवी आणि आई वर जातील. माझी शस्त्रक्रिया होईल, खामगावहून माझी आई सोबतीला येईल, वर्षभरानं डॉक्टर हो म्हणाले तर मी जाईन. ओवीलाही न्यायचं. ते बोलताना माझी जीभ जड झाली, पण इथल्या उन्हात तिला ठेवायचं कशासाठी? आणि आईंना तिकडं बोलायला कुणीतरी हवं.

"मी नाई जात," आई म्हणाल्या. "तुहं ऑपरेशन अन् मी पहाडात जाऊन बसू?"

"ठीक आहे. मग मीपण निघते. उद्याच. दहा हजार फुटांवर."

"अवं काय बोलतं!"

"बघाच तुम्ही. तिकीट काढते." मी खरंच फोन हातात घेतला. त्यांनी माझ्याकडं पाहिलं आणि ओळखलं की ही काढेल. त्यांना माझा स्वभाव पुरता ठाऊक आहे.

मंगेशला हेही वर्ष कानोशात टाकून बघायचं होतं. आम्ही वेगळे राहिलो तर काय, ते. त्यानं डबी भिंतीवरून काढून हातात घेतली, तेवढ्यात आईंनी ती हिसकावली आणि धुण्याच्या बादलीत बुडवली. "बस झालं आयकणं," म्हणाल्या. कंपनीनं डबीचे पैसे कापले. कापू देत.

ओवी माझ्याशी धड बोलेना. बर्फाची चित्रं तिनं फाडून टाकली. निघायच्या सकाळी मात्र आपणहून समोर येऊन बसली आणि म्हणाली, "घट्ट घाल. तू येईपर्यंत सोडणार नाही." मी वेणी घातली. घालताना एकही केस ओढला जाऊ नये एवढंच बघत होते, दुसरं काही बघायची हिंमत नव्हती.

दारात रिक्षा आली. मंगेशनं सामान चढवलं, मला जवळ घेतलं, "येतो" म्हणाला. ओवी रडत रडत "येते" म्हणाली. आईंची गडबड चालली होती. लोणच्याची बरणी कुठं ठेवली, पाण्याची बाटली कुणाकडं, पुंडकरकाकूंना किल्ली दिली का. त्या बोलत बोलतच रिक्षात बसल्या, बरणी मांडीवर घेतली, आणि रिक्षा निघाली.

मी फाटकाची कडी लावली. तो आवाज कानावर पडला आणि माझ्या ध्यानात आलं.

आई "येते" म्हणाल्या नव्हत्या.

मी तिथंच उभी राहिले. मनाला समजावत होते, विसरल्या असतील, गडबडीत होत्या. पण वनिता गावंडे विसरणारी बाई नाही. बाजारात जाताना, मंदिरात जाताना, समोरच्या दुकानातून हळद आणायला जातानाही त्या म्हणतात. मग त्यांना काय माहीत होतं? बादलीत डबी बुडवण्याआधी त्यांनी हेही वर्ष ऐकलं होतं का? आणि आवाज कुणाचा बंद झाला होता, त्यांचा की माझा? रिक्षा कोपऱ्यावर वळली, दिसेनाशी झाली. रस्ता रिकामा झाला.

मग कोपऱ्यावरून फटफट ऐकू आली. रिक्षा उलटी येत होती, तशीच, मागच्या मागं. ड्रायव्हर मान वळवून शिव्या घालत होता आणि आई अर्ध्या बाहेर झुकून हात हलवत होत्या. निघाल्यावर मागं फिरू नये म्हणून आयुष्यभर सगळ्यांना धाकात ठेवलेली बाई भर रस्त्यात मागं फिरली होती.

"अवं मयूरी! या बरणीच्या नादात येते म्हणाचं राह्यलं नं! येते वं!"

मला हसू फुटलं की रडू, मला माहीत नाही. आई वाट बघत राहिल्या. उत्तर घेतल्याशिवाय त्या रिक्षा हलू देणार नव्हत्या.

"या," मी म्हणाले.